गाडीखालचा आप्पा

आप्पाचं तोंड तालुक्यात फार जणांनी धड पाहिलेलं नाही. पाय मात्र सगळ्यांनी पाहिलेत. शिरूर अनंतपाळला रस्त्याच्या कडेला लिंबाखाली त्याचं पत्र्याचं दुकान. कधीही जा, एखादी जीप नाहीतर टेम्पो उभा, अन् त्याच्या खालनं दोन पाय बाहेर. काळे, टाचा फुटलेले, अंगठे आभाळाकडं. पायांपुढं चपला जोडीनं लावलेल्या, देवळाबाहेर लावाव्यात तशा. गाडीखाली शिरताना चपला काढायचाच. मी एकदा इचारलं, "कामून गा आप्पा, चपला काढून?" तर आतनं आवाज आला, "गाईखाली धार काढायला बसतोस तवा चपला घालून बसतोस का?"



लोकं त्याच्या पायांशीच बोलायची. रामराम पायाला, भांडण पायाला, उधारी मागायची तीही पायालाच. राग आला की त्याची बोटं आत वळायची, खूश असला की पंजा हलायचा. एकदा मतं मागायला एक पुढारी आला. हात जोडून उभा. सोबतचा माणूस ओरडून सांगतोय, "आप्पा, साहेब आलेत, साहेब!" आतनं म्हणाला, "बूट नवे दिसायलेत साहेब. रस्ता जुनाच हाय की." पुढाऱ्याला हसावं का रागवावं कळेना. पायांना नमस्कार करून गेला.

त्याचंही बरोबर होतं म्हणा. त्याला दिवसभर माणसांचे पायच दिसणार. आवाजाआधी तो पायावरनं माणूस ओळखायचा. "आलास का, टाचेला मलम लाव," असं त्यानं मला कितीदा म्हटलं असेल. त्याची बायको म्हणायची, "लग्नात मांडवाखाली कमी अन् वऱ्हाडाच्या जीपखाली जास्ती होते हे. अक्षता मी बंपरवर टाकल्या."

माणूस लिंगायत. सकाळी आंघोळ करून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याबिगर पान्याला हात लावणार नाही. गिऱ्हाईक बाहेर बोंबलू दे. अन् मग दिवसभर गाडीचा कुठलाही बोल्ट काढला की तोही डाव्या तळहातावर ठेवून तसाच एकटक बघत बसायचा. पोरंटोरं हसायची, आप्पा बोल्टाची पूजा करायलाय. तो म्हणायचा, "आधी बघावं, मग हात लावावा. तुम्ही लोकं आधी हात लावता, मग बघता."

दुसरी तऱ्हा म्हणजे त्याचे पाने. सगळे आखूड. नवा पाना विकत आणला की पहिलं काम म्हणजे करवतीनं त्याची दांडी कापायची. चांगला पाना, पैसे देऊन आणलेला, अन् कापून अर्धा! बघणाऱ्याचा जीव तुटायचा. त्याचं म्हणणं, "लांब दांडी आली की माणसाला मस्ती येती. जोर दांडीचा अन् मिजास ह्याची. जगात जेवढे बोल्ट ढिले राहून खराब झाले ना, त्याच्यापरीस जास्ती आवळून झाले."

मला हे पटायचं नाही. आम्ही शेतकरी माणसं. बैलगाडीचं जू असो, बोरचा पाईप असो, आवळलं म्हणजे पक्कं, एवढंच आम्हाला ठाऊक.

माझ्या बायकोलाही तेवढंच ठाऊक होतं. ती नायगावकडची. इतकी वर्षं लातूर जिल्ह्यात काढली, पण बोली तिकडचीच राहिली तिची. "काय करून राहिलाव?" असं म्हणायची. आता म्हणत नाही. जाऊन वर्ष होत आलं.

घरात काहीही आवळायचं असलं तर तीच आवळायची. लोणच्याच्या बरणीचं झाकण तिनं लावलं की मला निघायचं नाही. शेतातली मोटार, बोरचं फिटिंग, सगळं तिच्या हातचं. आट्यावर धागा गुंडाळायचा, वरनं सफेदा, तो पांढरा लेप, फासायचा अन् मोठ्या पान्यानं आवळायचं. पाण्याचा थेंब गळायचा नाही. माझी कंबर जुनी दुखरी, मी नुसता उभा राहून सांगायचा. तीही नुसतं ऐकल्यासारखं करायची.

तिचं दुखणं पहिल्यांदा आप्पाला दिसलं. जीपचा ब्रेक दाखवायला गेलो होतो. ती गाडीपाशी उभी. आप्पा खाली. आतनं म्हणाला, "अक्का, जोडवी काढा."

ही भडकली. "कामून? नवरा जित्ता हाय की माझा, हितंच उभा हाय."

"तसं न्हवं अक्का. रुतायलीत. पायाला सूज हाय तुमच्या. मागल्या बारीला आल्तात तवा न्हवती."

तिनं ते हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर मात्र पायावर बोट दाबून बघत बसली. खड्डा पडायचा तो लवकर भरायचाच नाही. मग लातूर, मग तपासण्या. दोन्ही किडन्या गेलेल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला लातूरला न्यायचं, असं सुरू झालं. पोरगी आमची हदगावला दिलेली, लांब. मुलगा नाही. मी, ती अन् जुनी जीप. जीपमध्ये मागं गादी टाकली होती, बसून बसून थकली की ती पडायची. एसटीत ते जमत नव्हतं.

दवाखान्यात तिची सकाळची खाट ठरलेली. उशीर झाला की खाट दुसऱ्याला. अन् एक बारी चुकली की तिला दम लागायचा, आडवं पडता यायचं नाही, उशीला पोट लावून वाकून बसायची. तसं एकदा झालं होतं, पुराच्या पाण्यानं रस्ता अडला तेव्हा. ते मी पाहिलंय. पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती. सांगायचं एवढंच की गाडी चालली पाहिजे, बाकी माझं काही मागणं नव्हतं.

अन् दवाखान्याच्या आदल्या दिवशी दुपारी जीपखाली तेलाचं थारोळं दिसलं.

इंजिनाच्या खाली तेलाचं चेंबर असतं. तेल बदलताना सोडायला त्याच्या बुडाला एक बोल्ट असतो. तो गळत होता. मी आप्पाला फोन लावायला लागलो तर ही म्हणते, "त्याला कशाला? आवळते की मी."

"तू गप बस. दुखणाईत हायस."

"तुमची कंबर मोडकी, माझी किडनी मोडकी. पण मी बारीक हाय, खाली मावते."

अन् गेली खाली. डाव्या हाताला सुया टोचायची नस केलेली, तो हात जपायचा, म्हणून उजव्या हातानं. बोरचं फिटिंग करतात तसंच केलं सगळं. बोल्ट काढला, तेल परातीत धरलं, आट्यावर धागा गुंडाळला, सफेदा फासला अन् बोरचा तो हातभर पाना लावून आवळला. मी वरनं म्हणतोय, बास. ती म्हणते, "अजून जरासक." मग एकदम बोल्ट फिरला तो फिरतच राहिला. ती आतनं म्हणाली, "अहो, हे धरंना की काहीच."

आटे गेले होते. बोल्टाचेही अन् चेंबरचेही.

फोन केला तसा आप्पा तासाभरात आला, काळीपिवळी टॅक्सीत बसून, पिशवी मांडीवर घेऊन. चपला काढल्या. आत गेला. मग म्हणाला, "बोरचं फिटिंग कोण केलं हे?"

मी म्हटलं, "मी."

"खोटं. सफेदा बोटानं सारवलाय, पुरणपोळीला तूप लावावं तसा. बाप्या माणूस नुस्ता थापतो. अक्का, तुम्ही केलाव हे."

"हाव, मीच," ही म्हणाली. "पाणी गळत न्हाई माझं कधी."

"पाणी थंड असतंय अक्का. हे तेल तापतंय, उड्या मारतंय. त्याला धागा कशाचा धरतो? अन् हे पाईपाएवढं जाड न्हाई, पातळ पत्रा हाय, त्याला काय पैलवान लावता?"

तो चिडला नव्हता. पंजा हलत होता त्याचा, मी बघत होतो.

मग त्यानं जे केलं ते सगळं मला आठवतं, कारण माझा जीव टांगणीला होता अन् तो मात्र सावकाश. जुन्या बोल्टापेक्षा जरा जाड असा नवा बोल्ट पिशवीतनं काढला, तळहातावर ठेवून बघितला. मग चेंबरच्या भोकात नवे आटे पाडायला घेतले. आटे पाडायच्या हत्याराला टॅप म्हणतात, त्याच्या दातांमध्ये त्यानं ग्रीस भरलं, म्हणजे लोखंडाचा चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो, आत पडत नाही. थोडं पुढं फिरवायचा, थोडं मागं. बाहेर काढायचा, पुसायचा, पुन्हा ग्रीस. मी म्हटलं, "एकदाच घाल की दाबून." आतनं म्हणाला, "तू लग्नात नवरीचा हात असाच वढला का रे?" ही हसली. "हाव, असाच वढला," म्हणाली, "बांगड्या फुटल्या माझ्या."

बोल्टाखाली बसवायचा तांब्याचा वायसर त्यानं तिच्या हातात दिला. "अक्का, गॅसवर धरा, लाल झाला की पाण्यात टाका." तिनं चिमट्यानं धरला, लाल केला, पाण्यात टाकला. म्हणाली, "आता कडक झाला असंल."

"लोखंड असतं तर झालं असतं. तांबं उलटं हाय. तापवलं की मऊ पडतंय, अन् मऊ पडलं की नीट बसतंय."

ही माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्यांना तापवायला पाहिजे एकदा गॅसवर."

बोल्ट बसला. आखूड पान्यानं, मनगटानं जेवढा बसेल तेवढाच. तेल ओतलं. गाडी चालू केली, बंद केली. मी म्हटलं, सुटलो. तर आप्पानं खाली कागद अंथरला अन् म्हणाला, "आता उद्या दुपारपस्तोर गाडी हलवायची न्हाई."

ही त्याची आणखी एक तऱ्हा. नवे आटे पाडले की गाडी एकदा तापू द्यायची, निवू द्यायची, रात्रभर कागदावर ठेवायची अन् दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन आल्यावर कागद बघायचा. त्याच्याबिगर त्यानं कुणाला गाडी दिली नाही. मी म्हटलं, "आप्पा, पहाटं निघायचंय. दुपारी काय तिरडी न्यायची का?"

"बरं बोला," ही मला म्हणाली.

लग्नसराई होती, गावात दुसरी गाडी मिळेना. आप्पाला मी हात जोडले, शिव्या दिल्या, दोन्ही झालं. तो कागदाकडं बघत बसला. मग म्हणाला, "वाटंत बोल्ट सुटला, तेल सांडलं, तर इंजिन तापून जागेवरच जाम व्हईल. मग अक्काला माळरानावर घेऊन बसशील. जिम्मा कुणाचा?" पिशवी उचलून ओसरीवर ठेवली. "मी संगं येतो."

आमच्या ओसरीत झोपला. पहाटे थंड पाण्यानं आंघोळ केली, पूजा केली अन् जीपमध्ये मागं बसला, पत्र्याचा डबा अन् बॅटरी घेऊन.

गाव सुटलं नाही तोवर म्हणाला, "थांब." खाली उतरला, चपला काढल्या, गाडीखाली गेला, वर आला. "चल." पुढं फाट्यावर, "थांब." पुन्हा चपला काढ, खाली जा. रस्त्यानं जाणारे बघायचे. ही म्हणाली, "आप्पा, गाडीला शुगर हाय का, सारखी तपासायलाव?"

"गाडी न्हाई अक्का, माझा हात तपासायलो."

मी घड्याळाकडं बघतोय. पुढच्या थांब्याला मात्र तो खालनं लवकर वर आला नाही. मग आवाज आला, "थेंब हाय."

मी म्हटलं, "मग आवळ अजून."

"न्हाई."

"पाना दे इकडं, मी आवळतो."

त्यानं पाना खाली ठेवला अन् त्याच्यावर बसला. खरंच बसला, मांडी घालून, रस्त्याच्या कडेला. म्हणाला, "थेंब पुसलाय. दुसरा येतो का बघायचं. तोवर कुणी हात लावायचा न्हाई."

मी जे तोंडाला येईल ते बोललो. बाई मरंल माझी, तू बोल्ट कुरवाळत बस, असं बोललो. त्याच्या पायाची बोटं आत वळली, पण तो हलला नाही. ही आतनं म्हणाली, "आप्पा, किती येळ?"

"एक माळ जपा अक्का, तेवढा."

"माळ कुठं हाय जवळ?"

"मग ह्याचे गुन्हे मोजा."

अन् तिनं सुरू केलं. लग्नात ओढलेला हात. पहिल्या दिवाळीला नायगावला न्यायला विसरलेला मी. म्हशीला तिचं नाव ठेवलं ते. पोरीच्या बारशाला शेतातनं चिखलाच्या पायानं आलो ते. प्रत्येकाला आप्पा म्हणायचा, "हाव, हा मोठा गुन्हा." ती इतकी हसली की तिला खोकला आला. मला राग येत होता अन् तिचं हसू ऐकू येत होतं. त्या दुखण्यात तशी हसलेली मी तिला आधी पाहिली नव्हती अन् पुढंही नाही.

तिचे गुन्हे संपले नाहीत, पण आप्पा खाली जाऊन आला. बोट पुढं केलं. पुसलेला थेंब बोटावर तसाच ठेवला होता त्यानं. त्यात पांढरी रेघ होती. "सफेदा," म्हणाला. "मी बोल्टाला सफेदा लावलाच न्हाई. हा कालचा हाय, पत्र्याच्या घडीत बसलेला, आता उतरला. दुसरा थेंब न्हाई. चल, पळव."

पोचलो तर उशीर झालेलाच. सिस्टर खाटेवर दुसऱ्याला घ्यायच्या बेतात. मी तोंड उघडायच्या आत आप्पा पुढं झाला, कोपरापर्यंत तेल, कपाळाला भस्म. "ताई, उशीर माझ्यामुळं झाला. अक्काला घ्या."

"तुम्ही पेशंटचे कोण?"

"मी गाडीचा," आप्पा म्हणाला.

सिस्टर हसली. का कुणास ठाऊक, पण घेतलं. आत तिचं रक्त मशिनीतनं फिरत होतं, तोवर आप्पा बाहेर जीपखाली पडून होता. तिथल्या रखवालदाराला वाटलं माणूस गाडीखाली आलाय, त्यानं पाय धरून ओढलं अन् चार लोकं गोळा केली. आप्पा म्हणाला, "वढू नका, झोप लागली होती जरा."

त्यानंतर एक रीत पडली. दवाखान्याच्या दिवशी आम्ही त्याच्या दुकानावरनं जायचो तेव्हा मी गाडी हळू करायचा. आप्पा रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून वाकायचा, गाडी पुढनं जाताना खालनं बोल्ट बघायचा अन् हात वर करायचा. म्हणजे थेंब नाही, जा. जातानाही अन् येतानाही. ऊन असो, पाऊस असो. तिला ते बघितल्याबिगर चैन पडायचं नाही. गादीवर पडलेली असली तरी विचारायची, "आप्पाचा हात झाला का?" झाला म्हटलं की डोळे मिटायची.

गाडीनं पुढं कधीच दगा दिला नाही. एक बारी चुकली नाही गाडीमुळं. पण शरीर काही गाडीसारखं नसतं, अन् डॉक्टरांनी ते मला आधीच सांगितलं होतं.

ती लातूरला खाटेवरच गेली. दवाखान्याची माणसं म्हणाली, गाडी लावून देतो. मी म्हटलं, नको, आली तशी जाईल. मागं गादीवर ठेवली, पातळ नीट केलं, मी एकटा निघालो. लिंबापाशी आप्पा उभा होता. त्याला काही माहीत नव्हतं. मी सवयीनं गाडी हळू केली. तो गुडघे टेकून वाकला, बघितलं अन् हात वर केला.

मी पण हात वर केला अन् पुढं गेलो.

संध्याकाळी मातीला आला. सगळ्यांच्या मागं उभा राहिला. लोकं पांगल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "थेंब न्हवता रे."

"मला म्हाईत हाय आप्पा," मी म्हटलं.

लोकं आत्म्याचं, नशिबाचं काय काय बोलून गेली होती. त्यातलं मला काही आठवत नाही.

पोरगी म्हणते, बाबा, जीप विकून टाका अन् हदगावला या. नाही म्हटलं. मधून मधून आप्पाकडं घेऊन जातो. काम काही नसतं गाडीचं. तोही विचारत नाही काय झालंय म्हणून. चपला काढतो अन् खाली जातो. मी त्याच्या पायांपाशी दगडावर बसतो. परवा गेलो होतो. बऱ्याच वेळानं आतनं आवाज आला, "जेवलास का?"

"हाव."

"काय?"

"खिचडी."

"कुणी केली?"

"मीच."

"कशी झाली?"

"मीठ टाकायचं राहिलं."

आत पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग खाल्ली का टाकून दिली?"

"खाल्ली."

"बरं केलास," आप्पा म्हणाला. "उद्या टाक."